गेटपाशी अडलेला घोडा

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आपण कधी स्टँडमध्ये बसला असाल, तर शर्यत सुटण्याआधीची ती चार-पाच मिनिटं आठवत असतील. गेट लांब असतं, दुर्बिणीशिवाय धड काही दिसत नाही. एकेक घोडा आत शिरतो आणि एखादा मात्र चारी पाय रोवून बाहेरच उभा राहतो. चार-पाच माणसं त्याला मागून लोटत असतात. स्टँडमध्ये चुळबुळ सुरू होते आणि कुणीतरी म्हणतं, "नाटकं करतोय."

नाटक घोड्याला जमत नाही. तो अडतो तेव्हा त्याला भीती वाटत असते, कुठेतरी दुखत असतं, किंवा आपल्याकडून नेमकं काय हवंय हे त्याला कळलेलं नसतं. तिन्हींवर उपाय आहेत. ते मारझोडीपेक्षा वेळखाऊ आहेत, पण टिकतात. आणि हा वेळ शर्यतीच्या दिवशी देऊन भागत नाही. तो आधीच्या कित्येक आठवड्यांत, सकाळच्या सरावात द्यावा लागतो. आपण घोड्याच्या जवळपासही कधी गेला नसाल तरी हरकत नाही. पहिल्यापासून पाहू.

सुरुवात गेटपासून. स्टार्टिंग गेट म्हणजे लोखंडी सांगाड्यात शेजारी शेजारी बसवलेले अरुंद कप्पे. सांगाडा चाकांवर असतो. शर्यतीच्या अंतराप्रमाणे तो ओढून हव्या त्या जागी नेतात, आणि घोडे सुटल्यावर गरज पडली तर लगेच बाजूलाही घेतात. प्रत्येक कप्प्याला मागे दार, पुढे दार आणि दोन्ही अंगांना गादी लावलेल्या भिंती. घोडा आत उभा राहिला की दोन्हीकडे हातभरही जागा उरत नाही, आणि त्या उरलेल्या जागेतच जॉकीचे पाय असतात. बाजूंना आतल्या अंगानं एक कड असते. तिच्यावर गेटवरचा माणूस चढून उभा राहू शकतो. ही कड लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

पुढची दारं बंद ठेवण्याचं काम विद्युतचुंबक करतात, म्हणजे वीज चालू आहे तोवरच पकडून ठेवणारे चुंबक. स्टार्टर, म्हणजे शर्यत सोडणारा अधिकारी, सगळे घोडे सरळ उभे आहेत असं पाहतो आणि बटण दाबतो. वीज तुटते, चुंबकांची पकड सुटते आणि सगळ्या कप्प्यांची दारं एकाच क्षणी धाडकन उघडतात. तो आवाज मोठा असतो. बाहेरून ऐकणाऱ्यालाही दचकायला होतं.

हे यंत्र तसं फार जुनं नाही. क्ले प्यूएट यांनी बनवलेलं विजेवर चालणारं गेट १९३९ साली कॅनडात व्हँकुव्हरजवळ पहिल्यांदा वापरलं गेलं. ब्रिटनमध्ये ते १९६५ साली न्यूमार्केटला आलं आणि एप्सम डर्बी गेटमधून सुटू लागली ती १९६७ पासून. त्याआधी घोडे निशाणाच्या इशाऱ्यावर किंवा आडव्या ताणलेल्या पट्ट्यांमागून सुटत. त्यात लबाडीला वाव होता आणि चुकीच्या सुरुवातीही बऱ्याच होत. गेटनं शर्यत न्याय्य केली, हे खरंच. पण ज्या प्राण्याचा सगळा भरवसा मोकळ्या वाटेवर, त्याला शर्यतीआधी लोखंडी कप्प्यात कोंडणंही तेव्हापासूनच आलं.

आता हेच गेट घोड्याच्या जागी उभं राहून पाहा. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणचं: अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीच्या बरोबर मागचं. गेटमध्ये नेताना आपण नेमकं या दोन ठिकाणीच काहीतरी करतो. समोर उभं राहून ओढतो आणि मागे उभं राहून लोटतो.

शिवाय घोड्याच्या डोळ्याला उजेडातून सावलीत जाताना रुळायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. हिवाळ्यातल्या मुंबईच्या लख्ख दुपारी गेटच्या आतली सावली आपल्याला साधी सावली दिसते. घोड्याला काही क्षण ती काळोखी पोकळी वाटू शकते, जिचा तळ दिसत नाही. त्यात पाऊल टाकण्याआधी तो थांबतो, मान खाली घालून पाहतो, फुरफुरतो. ते पाच-सात सेकंद त्याला दिले तर पुष्कळदा तो आपण होऊन आत जातो. घाईत नेमके हेच सेकंद कापले जातात.

आणखी एक गोष्ट. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. लाथ मारणं, चावणं हे त्याचे नंतरचे उपाय. पहिला उपाय पळ काढणं. कप्प्यात तोच उपाय बंद होतो. शर्यतीचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोंचा असतो. कोंडलं गेल्याच्या भीतीनं तो आत उसळला, मागे बसला किंवा पुढच्या दाराखाली घुसू लागला, तर त्याचा, जॉकीचा आणि गेटवरच्या माणसाचा, तिघांचाही जीव धोक्यात येतो. म्हणून घोड्याशी मायेनं वागणं इथे माणसाच्याही सुरक्षिततेचा भाग आहे.

शिकवायला लागण्याआधीचा टप्पा कारण शोधण्याचा, आणि त्यात दुखण्याचा तपास सर्वांत आधी. पशुवैद्याला बोलवावं. दात तपासावेत, कारण टोकदार दातामुळे लगामाची कडी तोंडात टोचते आणि लगाम ओढला की घोडा मान वर फेकतो. पाठ तपासावी, खोगीर बसतं ती जागा दाबून पाहावी, तंगाखालची, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याखालची, कातडी पाहावी. पोटही विसरू नये. सरावात असलेल्या शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठराचे व्रण खूप आढळतात. दुखणाऱ्या घोड्याला कितीही हुशारीनं शिकवलं तरी तो गेटचा संबंध दुखण्याशीच जोडणार.

मग तो नेमका कुठे अडतो ते पाहावं. गेट दिसलं की लांबूनच अडतो? अगदी तोंडाशी येऊन? अर्धा आत गेल्यावर मागे उसळतो? आत नीट जातो, पण मागचं दार लागलं की घाम फुटतो? या चौघांची भीती वेगवेगळी आहे. पहिल्याला जुनी आठवण छळत असते. दुसऱ्याला बहुधा आतलं दिसत नाही. तिसऱ्याच्या अंगाला काहीतरी लागतंय. चौथ्याला कोंडलं जाण्याचं भय आहे. सगळ्यांना एकच औषध देणं ही फार सर्रास होणारी चूक.

तिसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. न्यूमार्केटचे ट्रेनर सर मार्क प्रेस्कॉट यांच्या तबेल्यात प्रिन्स ऑफ डार्कनेस नावाचा थोराड घोडा होता. गेटचं नाव काढलं की तो बिथरे. कॅलिफोर्नियाचे अश्वशिक्षक माँटी रॉबर्ट्स यांनी त्याच्याबरोबर काम केलं. (१९८९ साली राणी एलिझाबेथ यांनी ज्यांना आपली पद्धत दाखवायला विंडसरला बोलावून घेतलं होतं, तेच हे.) त्यांच्या लक्षात आलं की हा घोडा गेटला सरसकट भीत नाही. कप्प्याच्या बाजूची ती कड त्याच्या कुशीला घासते, आणि तो तिला भितो. अंगानं मोठ्या घोड्याला ती जास्त लागणार, हे उघड आहे. रॉबर्ट्स यांनी जाड कापडाची झूल तयार केली. ती खोगिराच्या मागून पुठ्ठ्यांवर (घोड्याच्या मागच्या मांसल भागावर) आणि दोन्ही कुशींवर लोंबते, त्यामुळे कड अंगाला थेट लागत नाही. झुलीचं मागचं टोक गेटला अडकवलेलं असतं, म्हणून घोडा सुटला की ती आपोआप मागे निसटून राहते. ब्रिटनच्या रेसकोर्सवर ही झूल आजही सर्रास दिसते. किती चाबूक वाचले असतील एका कापडानं!

कारण कळलं की शिकवणं. इथे आपल्याला एकच सूत्र नीट समजून घ्यायचं आहे: दाब आणि सुटका. दोराची हलकी ओढ हा दाब. घोड्यानं हवी ती हालचाल केली की ओढ त्याच क्षणी नाहीशी होणं ही सुटका. घोडा ओढीतून शिकत नाही, सुटकेतून शिकतो. आपण दाराची बेल वाजवतो आणि दार उघडलं की बोट काढतो. दार उघडल्यावरही बेल वाजतच राहिली, तर आतला माणूस पुढच्या वेळी कशाला उठेल? घोड्याचंही तेच होतं. तो पुढे आला आणि तरी दोर ताणलेलाच राहिला, तर पुढे येण्यात काही अर्थ नाही एवढंच तो शिकतो.

हे जवळून पाहू. सकाळची वेळ, गेट अजून नजरेतही नाही. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभा आहे. तोंड घोड्याच्या तोंडाच्याच दिशेला, दोर हनुवटीपासून हातभर अंतरावर धरलेला. तो हलकी ओढ घेतो, मोहरकीचा, म्हणजे दोर बांधायला डोक्यावर चढवलेल्या साजाचा, पट्टा कानांमागे जेमतेम जाणवावा इतकीच. घोडा हलत नाही. ओढ तशीच राहते, वाढतही नाही आणि सुटतही नाही. काही क्षण जातात. मग घोड्याचं वजन किंचित पुढे येतं; पाऊल उचललेलं नाही, नुसती छाती दोन बोटं पुढे आली आहे. त्याच क्षणी दोर ढिला. घोडा कान हलवतो, एक लांब श्वास सोडतो, जबडा चघळल्यासारखा करतो. मोतद्दार त्याची मान खाजवतो. थोडं थांबून पुन्हा तेच. या वेळी एक पाऊल पडतं.

इतकं बारीक काम पाहताना कंटाळा येऊ शकतो, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. पुढे ये, थांब, एक पाऊल मागे हो, पुन्हा पुढे ये: या चार गोष्टी जो घोडा मोकळ्या मैदानात हलक्या इशाऱ्यावर करत नाही, तो गेटच्या तोंडाशी करेल अशी आशा ठेवू नये. माझ्या मते अडणाऱ्या घोड्यांपैकी पुष्कळांचा दोष गेटमध्ये नसतोच. त्यांना दोरानं चालायला नीट शिकवलेलंच नसतं.

इथे होणाऱ्या चुका ओळखून ठेवाव्यात. पहिली, घोड्याकडे तोंड करून, डोळ्यांत डोळे घालून ओढणं. माणूस समोर ठाकला म्हणजे वाट अडली, असं घोडा समजतो आणि मागे सरतो. माणूस आणखी जोर लावतो, घोडाही लावतो. या रस्सीखेचीत कोण जिंकणार ते वजनावरूनच ठरलेलं आहे. दुसरी चूक जास्त नुकसान करते. घोडा मागच्या पायांवर उभा राहतो, माणूस दचकून दोर सोडतो आणि त्याला तबेल्यात परत नेतो. घोड्याच्या हिशेबात उसळलं की सुटका! म्हणून दोर पुरेसा लांब ठेवावा, उसळला तर त्याला जागा द्यावी, स्वतः बाजूला राहावं, तो चारी पायांवर आला की शांतपणे पुन्हा तीच हलकी ओढ घ्यावी, आणि सोप्यातलं सोपं एक पाऊल मिळाल्यावरच त्या दिवशीचा धडा संपवावा.

पुढचा टप्पा अरुंद वाटेचा. गवताच्या गासड्या दोन रांगांत मांडतात, आधी खूप अंतर ठेवून. घोडा मधून जातो, परत येतो. मग अंतर थोडं कमी, मग आणखी कमी. नंतर गासड्यांवर ताडपत्री, म्हणजे कुशीला काहीतरी घासण्याची आणि सळसळण्याची सवय होते. याला सरावणं म्हणतात: भीती वाटेल त्याच्या जरा अलीकडे थांबायचं, घोडा सैल झाला की एक पायरी पुढे. सैल झाल्याच्या खुणा शिकायला सोप्या आहेत. मान खाली येते, कान स्थिर न राहता इकडेतिकडे फिरतात, पापण्या जड होतात, श्वास संथ होतो. याउलट डोळ्यातलं पांढरं दिसणं, नाकपुड्या फुगणं, शेपूट दाबून धरणं, हवा गार असूनही मानेवर घाम, हे दिसलं की आपण एक पायरी जास्त चढलो आहोत. निमूट खाली उतरावं.

मग खरं गेट, पण पुढची-मागची दोन्ही दारं सताड उघडी. आता तो कप्पा नाही, नुसती आरपार वाट आहे. पलीकडचं गवत दिसतंय, उजेड दिसतोय. एखादा वयस्क, शांत घोडा पुढे चालवावा. घोडे कळपानं राहणारे प्राणी; जाणता घोडा जिथून बिनघोर गेला तिथून जाण्याचा धीर दुसऱ्याला येतो. पलीकडे गेल्यावर मूठभर हिरवा चारा, मान खाजवणं, आणि परत फिरणं. पहिल्या दिवशी याच्या पलीकडे जाऊ नये.

नंतर आत थांबणं. आधी एक श्वासभर, मग दोन, मग मिनिटभर. मोतद्दार आतच उभा राहून चारा देतो. घोडा अस्वस्थ होण्याआधी बाहेर निघायचं, झाल्यावर नव्हे. तो धडपडू लागल्यावर बाहेर काढलं तर धडपडीनं सुटका झाली असंच तो समजेल.

दारांचं शिक्षण सावकाश करावं, कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. घोडा बाहेर लांब उभा असताना रिकाम्या गेटची दारं उघडमीट करावीत. आवाज आधी लांबून कानावर पडू द्यावा, मग जवळून. तो आत असताना आधी पुढचं दार अर्धवट लोटावं, पुन्हा उघडावं. मागचं दार सर्वांत शेवटी, हातानं धरून, आवाज न करता. ते पुठ्ठ्याला टेकलं की घोडा दचकतो, म्हणून त्याआधी काही दिवस पुठ्ठ्यावरून आणि मागच्या पायांवरून दोर, कापड, हात फिरवून ठेवलेला असावा. शेपटीमागचं त्याला दिसत नाही. न दिसणाऱ्या जागी पहिल्यांदा जे अंगाला लागतं ते कोल्ह्या-लांडग्याचंही असू शकतं, असं त्याचा जन्मजात स्वभाव त्याला सांगतो.

बाहेर पडणंही शिकवायचं असतं. दार उघडलं की आधी चालत बाहेर. मग दुडकीनं. सगळ्यात शेवटी जॉकी पाठीवर असताना चौखूर. आणि चौखूर सुटणं रोज करू नये. प्रत्येक वेळी दार उघडताच भरधाव पळवलं तर घोडा आत शिरल्याक्षणीच फुलबाजीसारखा उडायला लागतो आणि दार उघडायच्या आत त्यावर डोकं आपटून घेतो. काही दिवस आत जाऊन उभं राहणं, दार उघडणं आणि नुसतं चालत घरी येणं, हाही धडाच आहे. घाईत असलेल्या ट्रेनरला तो वाया गेलेला दिवस वाटतो. तसा तो नाही.

एक आडवाट जुन्या काळापासून चालत आलेली आहे: घोड्याला कप्प्यात कोंडून ठेवायचं आणि दमेपर्यंत झगडू द्यायचं. थोड्या वेळानं तो गप्प होतो आणि पाहणारे म्हणतात, "आला वठणीवर." बहुतेकदा त्यानं हाय खाल्लेली असते. मान ताठ, डोळे गोठलेले, चारा पुढे केला तरी तोंड लावत नाही. अशा घोड्याची भीती आत तशीच असते आणि शर्यतीच्या दिवशी, नेमक्या नको त्या क्षणी, उफाळून येते.

ट्विचबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. काठीच्या टोकाला दोरीचा फास, तो घोड्याच्या वरच्या ओठावर आवळायचा, याला ट्विच म्हणतात. ओठावरचा ट्विच पहिली चार-पाच मिनिटं घोड्याच्या हृदयाचे ठोके खरोखर कमी करतो, असं मोजून पाहिलेलं आहे. वेळ वाढला की मात्र ताण उलट चढतो. कान पिळण्यानं तर पहिल्या क्षणापासून ताणच वाढतो, आणि पुढे तो घोडा कानांना हातही लावू देत नाही. मग मोहरकी चढवणं हीच लढाई होऊन बसते. पशुवैद्यानं एखादं छोटं काम उरकायला ओठाचा ट्विच लावला तर समजू शकतं. गेटमध्ये शिकवण्याचं साधन म्हणून तो निरुपयोगी आहे. कान पिळणं तर कुठेच नको.

आता शर्यतीचा दिवस. हा परीक्षेचा दिवस आहे, अभ्यासाचा नव्हे. या दिवशी घोड्याला नवं काही शिकवता येत नाही. हातात एवढंच असतं की त्याचा त्रास कमीत कमी करावा.

आत नेण्याचा क्रम इथे मोठं काम करतो. जपानमध्ये आधी विषम क्रमांकाचे घोडे आत घेतात, मग सम. असा नियम असला की शेजारचा कप्पा आधी रिकामा मिळतो आणि गर्दी वाटत नाही. नियम काहीही असो, जो घोडा आत शिरतो पण थांबायला कचरतो, त्याला शेवटी न्यावं, म्हणजे आत उभं राहणं काही क्षणांचंच होतं. ट्रेनरनं ही गोष्ट स्टार्टरच्या कानावर आधीच घालावी. गेटपाशी पोहोचल्यावर ओरडून सांगण्याची ती वेळ नव्हे.

घोड्याभोवती माणसं मोजकी असावीत आणि बोलणारा एकच. पाच जण पाच सूचना देत असले की घोड्याला ऐकू येतो तो निव्वळ कालवा. पुढे एक माणूस दोर धरून, घोड्याच्या खांद्याशी. त्यानं घोड्याला सरळ रेषेत, कप्प्याच्या मध्यावर आणावं. तिरका आलेला घोडा भिंतीला खांदा आपटतो आणि मग त्याचं अडणं रास्तच म्हणायला हवं. तोंडाशी थांबला तर ते पाच-सात सेकंद द्यावेत.

तरीही पुढे येत नसेल तर मागून दोन माणसं एकमेकांची मनगटं घट्ट पकडतात, हातांचा पट्टा पुठ्ठ्यांखाली घेतात आणि घोड्याला उचलल्यासारखा आधार देत पुढे नेतात. हाताऐवजी रुंद मऊ पट्टाही वापरतात. दिसायला हे धसमुसळं दिसतं, पण नीट केलं तर यात मार नाही. जोर एकसारखा असतो आणि घोड्यानं पाऊल टाकलं की सुटतो. बिघडतं ते माणसं झटके देऊ लागली की, किंवा दोघांची वेळ चुकली की. आणि ही माणसं लाथेच्या टप्प्यात उभी असतात, हेही लक्षात असू द्या. म्हणून त्यांनी पुठ्ठ्याला अगदी चिकटून राहायचं असतं. दोन हात लांब उभा असलेला माणूस जास्त धोक्यात असतो, कारण लाथेला तिथे पुरा जोर येतो.

डोळ्यांवरची पट्टी हे उपयोगी आणि नाजूक साधन आहे. आतलं काळं काही दिसलं नाही की काही घोडे विश्वासानं चालत जातात. पण आधी सरावात ती कधीच बांधली नसेल तर गेटपाशी पहिल्यांदा बांधणं हा नवाच धक्का ठरतो. शिवाय पट्टी काढायचं काम कित्येक ठिकाणी जॉकीकडे असतं, आणि दार उघडेपर्यंत ती निघाली नाही तर घोडा आंधळा सुटतो. म्हणून ती एका ओढीत निघेल अशीच बांधलेली असावी आणि हे आधी करून पाहिलेलं असावं.

आत गेल्यावर अमेरिकेत बहुधा गेटवरचा एक माणूस त्या कडेवर उभा राहून घोड्याचं डोकं सरळ धरून ठेवतो. इतरत्र हे काम जॉकीचं. त्यानं लगाम सैल ठेवावा, बूड हलकं, आवाज हळू. आत उभ्या घोड्याच्या तोंडाला सतत हिसके देणारा जॉकी मागच्या माणसांनी केलेलं सगळं काम मातीत घालतो.

आणि थांबायचं कधी? हा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्या क्षणी स्टँड वाट पाहत असतो, पैसे लागलेले असतात, मालक दुर्बीण रोखून असतो, आणि आत आधीच उभे असलेले घोडे तापत असतात. हे शेवटचं कारण मला सर्वांत सबळ वाटतं. एका घोड्यासाठी बाकीच्यांना किती वेळ कोंडून ठेवायचं? दोन-तीन शांत प्रयत्नांनी तो गेला नाही, किंवा उसळून त्याचं डोकं, पाय कशावर आपटले, तर स्टार्टरनं त्याला बाहेर काढावं. आपटलेला घोडा उभा आहे म्हणजे धड आहे असं नसतं. पशुवैद्यानं पाहिल्याशिवाय त्याला पळवू नये. घोडा बाहेर काढण्यात कुणाची नामुष्की नाही. रेसकोर्सचे नियम स्टार्टरला हा अधिकार देतात तो वापरण्यासाठीच.

बाहेर काढलेल्या घोड्याला पुन्हा शर्यतीत उतरण्याआधी गेटची चाचणी द्यावी लागते. इथून परत पहिली पायरी: वैद्य, दोर, गासड्या, उघडं गेट. मालकाला हे शिक्षा वाटते. पण या वाटेनं परतलेल्या घोड्यांपैकी एक जगाला माहीत झाला, तो जर्मनीचा लोमितास. १९९० साली दोन वर्षांच्या घोड्यांत तो तिथला अव्वल. १९९१ च्या मोसमात त्यानं गेटमध्ये जायला इतका ठाम नकार दिला की त्याच्यावर बंदी आली. माँटी रॉबर्ट्स यांना बोलावलं गेलं. ताकदीनं ज्याला कुणी हलवू शकलं नव्हतं, त्याच्याशी त्यांनी पुन्हा पहिल्या पावलापासून काम केलं. लोमितास त्याच वर्षी परतला, बाडेन-बाडेनची मोठी शर्यत जिंकला आणि १९९१ चा जर्मनीचा सर्वोत्तम घोडा ठरला. पुढे त्याची मुलगी डेनड्रीम हिनं २०११ साली पॅरिसची आर्क द ट्रायम्फ शर्यत जिंकली. बंदी आली तेव्हाच त्याला हट्टी ठरवून कायमचं बाजूला केलं असतं, तर हा वंशसुद्धा राहिला नसता.

सगळेच घोडे लोमितास होत नाहीत. काहींना सगळं नीट करूनही गेट सोसत नाही, आणि ते मान्य करणंही शिकवण्याचाच भाग आहे. ब्रिटनमध्ये अशा घोड्यांना एक दार उघडं असतं: तिथल्या अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या शर्यतींना गेट नसतंच. आपल्याकडे ती सोय नाही. पण शर्यत सोडलेले घोडे रायडिंग क्लबमध्ये छान रुळतात. महालक्ष्मीच्या अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये, किंवा शहराबाहेरच्या एखाद्या चांगल्या रायडिंग स्कूलमध्ये, गेटला भिणारा घोडा पाठीवर लहान मूल घेऊन बिनतक्रार चालताना दिसू शकतो.

तिथे जायलाही त्याला गाडीत चढावं लागतं, आणि घोडे नेणारी गाडी म्हणजे पुन्हा एक अरुंद, काळोखा कप्पा, वर पायाखाली पोकळ वाजणारी फळी. पुणे-मुंबई फेऱ्या करणाऱ्या घोड्यांसाठी हे काम मोसम बदलायच्या आधीच करून ठेवावं. क्रम तोच: गाडी सावलीत नको, उजेडाकडे तोंड करून उभी करा, पुढचं छोटं दार असेल तर उघडं ठेवा, म्हणजे आतून आरपार दिसेल, फळीवर पेंढा पसरा, म्हणजे टापांचा आवाज दबेल. चारा फळीच्या पायथ्याशी ठेवा, आत नाही. पहिल्या दिवशी एकच पाय फळीवर पडला तरी दोर ढिला करा, मान खाजवा आणि त्याला तबेल्यात परत न्या.